पांढरी एक म्हणजे ६०: मिडीची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.)



आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरातून. माझी आई गाते. व्यावसायिक नाही, पण रीतसर शिकलेली आहे आणि रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास तानपुरा लावून बसते. गेल्या महिन्यात ती दरबारी घोळवत होती. मी फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड केलं आणि डोक्यात आलं की याचं मिडी करून बघू. म्हणजे प्रोग्रॅमने आवाज ऐकायचा, त्यातले स्वर ओळखायचे आणि ते आकड्यांत लिहून काढायचे. मग तेच आकडे पियानोवर वाजवा, बासरीवर वाजवा, हवं तिथे वाजवा.

फाइल तयार झाली. मी मोठ्या उत्साहात आईला ऐकवली.

[इथे ऑडिओमध्ये आधी आईचा आलाप आणि मग त्याचं मिडी रूप वाजतं.]

आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हा कोण पेटीवर बोटं चाचपडतोय?"

मी फाइल उघडून बघितली. आई काळी चारमध्ये गाते. त्या पट्टीचा मिडीतला नंबर ५६. म्हणजे तिचा षड्ज ५६, रिषभ ५८ आणि कोमल गंधार ५९. आता दरबारीचा गंधार ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, तो एका जागी उभा राहत नाही. तो अतिकोमल असतो, आंदोलित असतो. रिषभाच्या आधाराने संथपणे झुलत असतो. फाइलमध्ये तिथे काय होतं? ५९, ५८, ५९, ५८, ५९. नुसते चौकोनी ठोकळे. ज्या जागेसाठी आईने कितीतरी वर्षं घालवली ती जागा ५८ आणि ५९ च्या मधे होती, आणि त्या मधल्या जागेला नंबरच नव्हता.

पहिल्यांदा मला राग आला. हे नंबर ठरवले कोणी? आणि ठरवताना त्यांना जगात दुसरं संगीत आहे हे माहीत नव्हतं का? म्हणून मी मिडीचा इतिहास वाचायला बसले. वाचून उठले तेव्हा राग बराचसा गेला होता. पण पूर्ण नाही. आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी सगळं व्होल्टेज होतं

१९६४ साल. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात रॉबर्ट मूग हा इंजिनिअर थेरेमिनचे किट विकत होता. थेरेमिन म्हणजे ते वाद्य, ज्याला हात न लावता हवेत हात हलवून वाजवतात. हर्बर्ट डॉइश या संगीतकाराबरोबर त्याने एक नवीन गोष्ट बनवायला घेतली. कल्पना साधी होती. स्वर किती उंच असावा हे विजेच्या दाबाने ठरवायचं. एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर. सप्तकात १२ स्वर, म्हणजे एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत व्होल्टचा बारावा भाग, साधारण ८३ मिलिव्होल्ट.

यात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. व्होल्टेज हे सलग असतं. त्या ८३ मिलिव्होल्टच्या मधे कुठेही थांबता येतं. मूगच्या यंत्राला एक लांब पट्टीही जोडता यायची. तिच्यावर बोट घसरवलं की स्वर घसरत जायचा. म्हणजे तत्त्वतः मींड शक्य होती. पण मुख्य साधन होतं पियानोसारखा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, डॉन बुक्ला हाही असंच यंत्र बनवत होता. त्याने मात्र पियानोचा कीबोर्ड मुद्दाम टाळला. नवीन वाद्य आहे तर त्यावर जुन्या सवयी कशाला लादायच्या, असा त्याचा विचार. त्याने स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्यांच्यावर सा कुठला, रे कुठला असं काहीच ठरलेलं नव्हतं.

बाजारात कोण चाललं हे सांगायला नको. १९६८ मध्ये वेंडी कार्लोसची, बाखच्या रचना मूगवर वाजवलेली रेकॉर्ड आली आणि प्रचंड खपली. लोकांना कळलं की हे विचित्र आवाज काढणारं कपाट नाही, हे वाद्य आहे. आणि वाद्य म्हणजे काय, तर ज्याला कीबोर्ड आहे ते. १९७० मध्ये मिनिमूग आला, त्यात कीबोर्ड वेगळा जोडायचाही प्रश्न उरला नाही. तो अंगातच होता.

पट्टीला नंबर कधी मिळाला

मला वाटत होतं की नंबर मिडीने दिले. तसं नाहीये. ते पाच वर्षं आधीच आले होते.

मिनिमूगवर एका वेळी एकच स्वर वाजायचा. दोन-चार स्वर एकदम हवे असतील तर कोणती पट्टी दाबली आहे आणि कोणता आवाज मोकळा आहे याचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा. हे काम मायक्रोप्रोसेसरने घेतलं. कॅलिफोर्नियात डेव्ह स्मिथ या इंजिनिअरने सिक्वेन्शियल सर्किट्स ही कंपनी काढली होती. तिचा प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर १९७८ मध्ये आला. एका वेळी पाच स्वर, आणि तुम्ही जमवलेले ४० आवाज लक्षात ठेवायची सोय. त्याआधी चांगला आवाज जमला की लोक बटणांच्या जागा कागदावर लिहून ठेवायचे, म्हणजे बघा.

आता मायक्रोप्रोसेसर कीबोर्डकडे कसा बघतो? तो एकेक पट्टी तपासत जातो. पहिली दाबली आहे का? नाही. दुसरी? नाही. तिसरी? हो. त्याच्या दृष्टीने पट्टी म्हणजे यादीतला एक क्रमांक. आपण प्रोग्रॅमर लोक हे रोज करतो, जगातली एक सलग गोष्ट घेतो आणि तिला इंडेक्स देतो. त्यात कोणाचा पूर्वग्रह नव्हता. कीबोर्ड आधीच होता, प्रोसेसर आला, आणि पट्टीचा नंबर झाला.

वायरींचा गोंधळ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी परिस्थिती अशी होती की एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही. मूग, रोलँड, सिक्वेन्शियल एका सप्तकाला एक व्होल्ट मानायचे. कॉर्ग आणि यामाहाची बरीच यंत्रं वेगळ्याच हिशेबाने चालायची, तिथे व्होल्टेज दुप्पट केलं की सप्तक चढायचं. डिजिटल जोडण्या आल्या तर प्रत्येकाची आपापली. रोलँडची वेगळी, ओबरहाइमची वेगळी, सिक्वेन्शियलची वेगळी. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक फोनचा चार्जर वेगळा असायचा आणि पाहुण्यांकडे गेलं की "बारीक पिनचा आहे का?" विचारत फिरावं लागायचं, तसलाच प्रकार. फक्त इथे फोनऐवजी लाखमोलाची वाद्यं.

याचा सगळ्यात जास्त विचार करणारा माणूस जपानमध्ये होता. इकुतारो काकेहाशी. ओसाकात १९३० चा जन्म. तरुणपणी घड्याळं दुरुस्त करायचा, मग रेडिओ, मग ऑर्गन, आणि १९७२ मध्ये त्याने रोलँड कंपनी काढली. संगीताचं रीतसर शिक्षण नसलेला हा माणूस. त्याला एक दिसत होतं की ही भांडणं चालू राहिली तर सगळ्यांचाच धंदा छोटा राहील.

जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात त्याने टॉम ओबरहाइमकडे विषय काढला, की आपण सगळ्यांनी मिळून एक जोडणी ठरवू. ओबरहाइमने ही गोष्ट डेव्ह स्मिथच्या कानावर घातली. ऑक्टोबरमध्ये जपानी कंपन्यांबरोबर बोलणी झाली. त्यात रोलँडबरोबर यामाहा, कॉर्ग आणि कावाई होत्या. एकमेकांच्या कट्टर प्रतिस्पर्धी. नोव्हेंबरमध्ये स्मिथ आणि त्याचा सहकारी चेट वुड यांनी ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत एक निबंध वाचला. त्यात या जोडणीचा पहिला आराखडा होता.

अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांनी फारसा रस दाखवला नाही. काहींना हे फार साधं वाटलं, काहींना नको ती कटकट. मग पुढचं बरंचसं काम स्मिथ आणि या चार जपानी कंपन्या यांच्यातच झालं. ई-मेल नव्हता, हे लक्षात घ्या. पॅसिफिकच्या दोन बाजूंना कागद जात-येत होते.

जानेवारी १९८३. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला पुन्हा तेच प्रदर्शन. स्मिथचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले. एकावर पट्टी दाबली, दुसरा वाजला.

वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन प्रोग्रॅम पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात तो क्षण कसा असतो हे ज्याने कधी इंटिग्रेशनचं काम केलंय त्याला विचारा. ऑगस्ट १९८३ मध्ये मिडी १.० चा मसुदा प्रसिद्ध झाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: तो फुकट ठेवला. रॉयल्टी नाही. ज्याला बनवायचं त्याने बनवावं. २०१३ मध्ये काकेहाशी आणि स्मिथ यांना यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तोवर तीस वर्षं झाली होती.

केबलमधून काय जातं

लोकांना वाटतं की मिडी म्हणजे आवाज. नाही. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. जातो तो निरोप. "अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने." "अमुक पट्टी सोडली." आवाज काढायचं काम पलीकडच्या यंत्राचं.

उदाहरण घेऊ. तुम्ही मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली. केबलमधून तीन आकडे जातात: १४४, ६०, १००. १४४ म्हणजे "पहिल्या चॅनलवर पट्टी दाबली". ६० म्हणजे पांढरी एक. १०० म्हणजे किती जोराने. पांढरी सहा असेल तर ६०च्या जागी ६९. संपलं.

मजकुराचा प्रत्येक आकडा ० ते १२७ मधला का? कारण आठ बिटांपैकी पहिला बिट हा निरोपाचा प्रकार आहे की मजकूर, हे ओळखण्यासाठी राखून ठेवला. उरले सात. सात बिटांत १२८ आकडे बसतात. म्हणून पट्ट्या १२८, जोराच्या पायऱ्या १२८, आणि नंतर आवाजांचे क्रमांकही १२८.

वेग सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र आकडा कुठून आला? त्या काळच्या चिपमधल्या १ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागलं की नेमका हाच येतो. वेगळा सुटा भाग लागत नाही, पैसे वाचतात. स्मिथच्या पहिल्या आराखड्यात १९,२०० होता, तो पुरेना म्हणून वाढवला. पाच पिनांचा जोड निवडला तोही बाजारात सहज मिळणारा, आणि त्या पाचातल्या दोन पिना तर वापरल्याच नाहीत. दोन यंत्रांच्या मधे प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा एक छोटा भाग घातला, त्यामुळे वीज सरळ जोडली जात नाही आणि स्पीकरमध्ये घूं असा आवाज येत नाही.

या वेगाने एका स्वराचा निरोप जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा पट्ट्या एकदम दाबल्या तर दहावीचा निरोप सात ते दहा मिलिसेकंद मागून पोचतो. तेव्हाही यावर टीका झाली होती.

आणि एक जुना बग सांगते, अजून जिवंत आहे. पट्टी दाबल्याचा निरोप वेगळा आणि सोडल्याचा वेगळा. मधेच केबल निघाली तर? "सोडली" हा निरोप पोचतच नाही आणि पलीकडचं यंत्र वाजतच राहतं. म्हणून कित्येक प्रोग्रॅममध्ये आजही "पॅनिक" नावाचं बटण असतं. दाबलं की सगळे स्वर बंद.

हे सगळं वाचताना माझा राग कमी होत गेला. हे पामर नव्हते. कमीत कमी खर्चात, कोणालाही नाही म्हणता येऊ नये इतकं छोटं काहीतरी त्यांना बनवायचं होतं. ते मोठं केलं असतं, त्यात जगातल्या सगळ्या संगीताची सोय घातली असती, तर ते कदाचित आजही समितीत अडकलेलं असतं. छोटं ठेवलं म्हणून ते सगळीकडे गेलं. १९८५ मध्ये अटारी कंपनीने तर आपल्या घरगुती कॉम्प्युटरला मिडीची भोकं आतूनच दिली. माझ्या पिढीने लहानपणी मोबाइलवर ज्या पॉलिफोनिक रिंगटोन वाजवल्या त्या फाइली याच घराण्यातल्या.

सतार, नंबर १०५

मग राग पूर्ण का गेला नाही? १९९१ मुळे.

मिडीत एक अडचण होती. मी माझ्या यंत्रावर आवाज क्रमांक ५ निवडून गाणं बनवलं, तुमच्या यंत्रावर ५ म्हणजे दुसरंच काही. म्हणून १९९१ मध्ये "जनरल मिडी" नावाची यादी ठरली. १२८ आवाज, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. क्रमांक १ ग्रँड पियानो. पुढे ऑर्गन, गिटार, व्हायोलिन, ट्रम्पेट, सगळ्यांची आठ-आठची कुटुंबं. आणि १०५ ते ११२ या कुटुंबाचं नाव "एथनिक". त्यात १०५ ला सतार, ११२ ला शहनाई. मधे बँजो, जपानचा कोटो, स्कॉटलंडची बॅगपाइप असे सगळे एकाच खोलीत. तालवाद्यांसाठी वेगळी यादी आहे. तिच्यात बोंगो आहे, कोंगा आहे, माराकस आहे. तबला नाही.

आता बिटांचं कारण इथे चालत नाही. जागा मर्यादित होती हे मान्य, पण कोणाला स्वतःचं नाव मिळतं आणि कोणाला "इतर" या खणात टाकलं जातं, हे सात बिटांनी ठरवलेलं नाही. माणसांनी ठरवलं. आणि सतारीचा आवाज दिला तरी तो वाजणार पट्टीवरच. खेचायची तार कुठाय?

[इथे ऑडिओमध्ये आईचा तोच आलाप, क्रमांक १०५ च्या आवाजात. आईचा अभिप्राय छापण्यासारखा नाही.]

हे भांडण आपल्याकडे आधी झालंय

तुमच्यातले पेटीवाले श्रोते एव्हाना हसत असतील. कारण हाच खटला आपल्याकडे पेटीवर चालला होता.

हार्मोनियम मूळची युरोपातली. एकोणिसाव्या शतकात ती इथे आली, जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असं तिचं रूप झालं आणि ती घराघरांत गेली. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी आली. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत पेटीवर स्वतंत्र वादन करून मैफली गाजवायला लागला. आणि दुसऱ्या बाजूला विरोधही वाढला. आक्षेप तेच, जे मी सुरुवातीला मिडीवर घेतले. मींड नाही, श्रुती नाहीत, स्वर पाश्चात्त्य मापाने कापलेले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली.

तीस वर्षं! पण तेवढ्या काळात पेटी संपली का? नाही. कीर्तनात, भजनात, तमाशात, गाण्याच्या क्लासमध्ये ती होतीच. वादकांनी मींड येत नाही तर तिचा भास निर्माण करायच्या युक्त्या काढल्या. कणस्वर, झटकन लागून सुटलेली शेजारची पट्टी, भात्याचा दाब. तर काहींनी वाद्यच बदललं. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली.

म्हणजे तीन मार्ग दिसतात. बंदी घाला, युक्ती काढा, किंवा यंत्र बदला. मिडीच्या बाबतीत बंदीचा प्रश्नच नव्हता. उरले दोन.

मुंबईतली युक्ती

युक्तीची मला सगळ्यात आवडती गोष्ट मुंबईची आहे. आणि ती बरोबर त्याच काळातली, जेव्हा स्मिथ आणि काकेहाशी यांचे कागद पॅसिफिक ओलांडत होते.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतातले वादक. त्यांच्याकडे रोलँडची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. हे ३०३ म्हणजे बास गिटार वाजवणारा साथीदार नसेल तर त्याच्या जागी वापरायचं छोटं यंत्र. १६ पायऱ्यांची सुरावट भरायची, ते वाजवत राहतं. खऱ्या बास गिटारसारखं ते वाजत नव्हतं, त्यामुळे बाजारात पडलं आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. पण त्यात एक सोय होती: एका स्वरावरून पुढच्या स्वरावर उडी न मारता घसरत जायची. ज्युपिटर-८ मध्येही तशी सोय होती.

सिंग यांनी १९८२ मध्ये ही यंत्रं एकमेकांना जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस वगैरे. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. तिच्याकडे तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटाने तेच पडलेलं ३०३ वापरून जी रेकॉर्ड केली तिच्यापासून ॲसिड हाउस नावाची एक अख्खी शैली सुरू झाली असं मानतात. आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड युरोपात पुन्हा निघाली तेव्हा लोक चाट पडले, की हे तर मुंबईत आधीच वाजलं होतं! सिंग यांचा विचार ॲसिड हाउसचा नव्हताच. त्यांना राग वाजवायचे होते आणि यंत्रात घसरायची सोय दिसली. २०१५ मध्ये ते गेले. शेवटच्या काही वर्षांत तरी त्यांना दाद मिळाली, एवढंच समाधान.

लक्षात घ्या, या तीनही यंत्रांत तेव्हा मिडी नव्हतं. घसरत जाणं हे आतल्या व्होल्टेजमध्ये होत होतं. सलग. आठवतंय ना?

दार होतं, पण बाजूला

आता इथे मला स्वतःचीच एक चूक कबूल करायची आहे.

मी म्हटलं की ५८ आणि ५९ च्या मधे नंबर नाही. ते अर्धसत्य होतं. मिडी १.० मध्ये पहिल्या दिवसापासून "पिच बेंड" नावाचा निरोप आहे. स्वर वर-खाली वाकवायचा. आणि त्याला सात नाही, चौदा बिट दिले आहेत. १६,३८४ पायऱ्या. साधारणपणे तो दोन्ही बाजूंना दोन-दोन स्वर वाकतो, म्हणजे एका स्वराच्या अंतरात चार हजारांहून जास्त जागा. दरबारीच्या गंधाराला पुरून उरतील इतक्या.

मग अडचण काय? एक तर तो निरोप पूर्ण चॅनलला लागू होतो. एका चॅनलवर दोन स्वर वाजत असतील तर दोन्ही वाकतात. पण आईचा आवाज एकच आहे, तिथे ही अडचण नाही. खरी अडचण दुसरी. पट्टीचा नंबर हा स्वराच्या प्रत्येक निरोपात सक्तीचा आहे आणि वाकवणं ऐच्छिक. सक्तीचं असतं ते प्रत्येक प्रोग्रॅम करतो. ऐच्छिक असतं ते जमलं तर. आवाजाचं मिडी करणारा मी वापरलेला प्रोग्रॅम पिच बेंड लिहू शकत होता, पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ती खूण आपणहून करावी लागत होती. पियानो शिकणाऱ्या मुलाला तिसऱ्या पानावर जावं लागत नाही. आईला लागतं.

मंडळी, माझा उरलेला राग तो एवढाच. मिडीने आपलं संगीत नाकारलं नाही, त्याला सेटिंगमध्ये ठेवलं.

यंत्र बदलायचा मार्गही हळूहळू आला. २०१८ मध्ये एक भर मंजूर झाली, जिच्यात प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनल देऊन तो वेगळा वाकवता येतो. जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० मंजूर झालं, त्यात प्रत्येक स्वराला वाकवायची सोय मुळातच आहे, आणि जोराच्या पायऱ्या १२८ ऐवजी ६५,५३६. म्हणजे १.० नंतर तब्बल ३७ वर्षांनी. तरी जुनं मिडी बंद झालेलं नाही. १९८३ चं यंत्र आजच्या लॅपटॉपला जोडा, बोलतं. मी लिहिलेला कोड ३७ महिने टिकला तरी मी पार्टी देईन, त्यामुळे या लोकांबद्दल आदर आहेच. डेव्ह स्मिथ २०२२ मध्ये गेले, काकेहाशी २०१७ मध्ये.

मी ती खूण केली आणि फाइल पुन्हा बनवली. या वेळी आकड्यांच्या ठोकळ्यांवर एक रेघ होती, नागमोडी. गंधारापाशी ती रिषभाकडे झुकून परत येत होती, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. आवाज साध्या सायनचा ठेवला, सतारबितार काही नाही.

[इथे ऑडिओमध्ये दुसरी फाइल वाजते.]

आई म्हणाली, "आता गंधार लागला. पण श्वास कुठे घेते मी?"

श्वासाला मिडीत नंबर आहे. कंट्रोलर क्रमांक २, ब्रेथ. तोही ऐच्छिकच.

आता मी काय करते, तर ऑफिसमध्ये कुठल्याही फॉर्ममधलं रकाना सक्तीचं करताना एकदा थांबते. आडनाव, पिन कोड, आईचं नाव, काहीही. आपण जे सक्तीचं करतो ते जगाला खरं वाटू लागतं, आणि जे ऐच्छिक ठेवतो त्यासाठी कोणाला तरी तिसऱ्या पानापर्यंत जावं लागतं. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. दरबारीने शिकवलं.

तुमच्याकडे जुनी कॅसिओ, पायपेटी, सिंथेसायझर असं काही माळ्यावर पडलं असेल तर त्याची गोष्ट नक्की कळवा. आणि पेटीवर मींडेचा भास कसा आणता हे कोणी दहा सेकंद वाजवून पाठवलं तर पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवेन. तोवर, भेटूच!